छबीबुवांचं काकयंत्र

"आला! म्हातारा आला!"

समाजमंदिरात एकच गलका उठला. पुढच्या बायकांनी पदर डोक्यावरून ओढून घेतले, मागचे पुरुष चवड्यांवर उभे राहिले आणि रंगूआजीने समोरच्या स्टुलापुढे लोटांगण घातलं. स्टुलावर तिच्या नवऱ्याचा, धर्माजीबाबांचा चौकटीचा टॉवेल टांगला होता. धर्माजीबाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. स्टुलाच्या मागे गणपतीआधी चुना मारलेली पांढरीशुभ्र भिंत होती, आणि पुढे छबीबुवा उभे होते. कपाळभर कुंकू, अंगात भगवी कफनी, आणि पूजेचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत धरलेला एक जाडजूड काळा कॅमेरा. कॅमेऱ्याच्या नळीला मोगऱ्याचा गजरा.

आत्तापर्यंत तो कॅमेरा नुसता गुरगुरत होता. नळी पुढे सरकायची, मागे यायची, पुन्हा पुढे. जणू अंधारात कुणाला तरी चाचपतोय. मग त्यातून लाल उजेडाची तिरीप निघाली, 'पीप-पीप' असं वाजलं आणि खट्‌कन फोटो निघाला.

"बघा माऊली!" बुवा गरजले. "मघाशी काय आणलं व्हतंत? धोतर. पांढरं धोतर. यंत्र बोललं का? न्हाय बोललं! का? म्हाताऱ्याचा जीव धोतरात नव्हताच. टॉवेलात व्हता!"

"खरं हाय!" मागून कुणीतरी म्हणालं. "टॉवेल खांद्यावर घेतल्याबिगर बाबा घराभायेर पडायचे न्हायत."

"धोतर इसरतील, पण टॉवेल न्हाय!"

लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. रंगूआजी रडत रडत त्या टॉवेलाशी बोलत होती. गुरं विकली म्हणून सांगत होती, नातू पास झाला म्हणून सांगत होती.

मी दाराशी उभी होते. माझी लेक केसर, दोन वर्षांची, कडेवर. गर्दीत मी केसरला खाली सोडत नाही. कुणाच्या पायाखाली येईल, कुणी उचलून नेईल, एक ना अनेक भीती. माझी नजर मात्र पहिल्या रांगेतल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंवर होती. नूतनवहिनींच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत गणराजची कबड्डीची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. घडी घातलेली. मार्चपासून न धुतलेली.

गणराज वहिनींचा थोरला. दहावीची परीक्षा दिली आणि होळीनंतर मित्रांबरोबर खाडीत खडकांवरची कालवं, शिंपल्या काढायला गेला. ओहोटीचं पाणी उतरलेलं बघून पोरं पार आत गेली, भरती कधी चढली ते कळलं नाही. बाकीचे परत आले.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवला नाही. त्या दिवशी काठावर अख्खं गाव लोटलेलं, वर दोन कुत्री पिंडाभोवती घोटाळत होती. कावळा यावा तरी कसा? पण लोकांना हे कोण सांगणार! एकेक जण पुढे होऊन हात जोडायला लागला. गणूचे वडील, माझे मोठे दीर अल्पेशभाऊजी म्हणाले, "गणू, तुझी सायकल कुणाला देणार न्हाय." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भनीला डोळ्यांत तेल घालून जपू." मास्तर म्हणाले, "तुझा निकाल चांगलाच लागणार बघ." कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला.

वहिनींच्या मनात मात्र तो उरकला नाही. "काय राहिलं असंल गं त्याचं?" एवढंच त्या विचारत राहिल्या. भाकरी मोडून ताटात तशीच ठेवायच्या.

अशा घरांचा वास लागल्यासारखे छबीबुवा आमच्या खारशेतला आले. घाटावरचे म्हणून सांगायचे, दर शनिवारी समाजमंदिरात बसायचे. त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं.

"कलियुगात कावळे ऱ्हायले कुठं? मोबाईलच्या टावरनं पळवून लावले! मंग पितरांनी कुणाच्या तोंडून बोलावं? म्हणून हिमालयात गुरूंनी मला हे दिलं. काकयंत्र! हे शिवलं म्हंजे कावळा शिवला."

"आमच्या मोबाईलमध्ये पण कॅमेरा हाय की महाराज," एका पोरानं मध्येच विचारलं होतं.

"तो हवेतला फोटो रे! दिसला, पुसला. ह्यात रीळ हाय. रीळावर जे उमटतं त्याला देह असतो."

त्या यंत्राचे नियमही होते. मयताचा आवडता कपडा स्टुलावर ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा. यंत्र वाजलं आणि फोटो निघाला तर उत्तर 'हो'. नुसतं गुरगुरलं आणि फोटो काढायला नकार दिला तर 'नाही'. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की वर्षश्राद्धापर्यंत रीळ उघडायचं नाही, धुवायचं नाही. "उजेड लागला तर आत्मा भाजतो," बुवा आवाज खाली आणून म्हणायचे, आणि सगळ्या आयांचे हात आपोआप छातीशी जायचे.

हिमालयातल्या गुरूंनी दिलेल्या यंत्राला लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसला पट्टा कसा, हे कुणी विचारलं नाही.

मला ती गुरगुर पहिल्याच दिवशी ओळखू आली. कारण तसलाच कॅमेरा माझ्या कपाटात आहे.

मुंबईला कॉलेजात असताना आमच्या वर्गात जुन्या रीळच्या कॅमेऱ्यांचं खूळ आलं होतं. मीही एक सेकंडहँड घेतला. स्वतःच फोकस धरणारा, नव्वदच्या दशकातला. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे ते सगळे एकच रडगाणं गातात, आणि तेव्हा मी इंटरनेटवर ती सगळी रडगाणी वाचून काढली होती. बॅटरी महाग, आणि आमच्या बाजाराच्या गावी, बोर्ली पंचतनात तर मिळतच नाही. मागचं रबर चिकट होतं. आमच्या समुद्राकाठच्या हवेत भिंगाला बुरशी धरते. आणि सगळ्यांत मोठी कटकट म्हणजे समोर काही रेघ, कड, नक्षी नसेल तर तो आंधळा होतो. धुकं, कोरं आकाश, पांढरी भिंत यातलं काही पुढे आलं की नळी नुसती पुढे-मागे करत बसतो. आणि फोकस सापडत नाही तोवर बटण कितीही दाबा, फोटो काढत नाही.

केसरच्या बारशाला मी हट्टाने तोच कॅमेरा काढला होता. पांढरं झबलं, मागे पांढरी भिंत. केसर झोपेत पहिल्यांदाच खुदकन हसली, आणि माझा कॅमेरा घुर्र-घुर्र करत राहिला.

"अगं, मोबाईल घे!" माझा नवरा विनेश ओरडला होता. "तुझा हा आंधळा हत्ती जागा होईपर्यंत पोरगी लग्नाला येईल!"

म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरात सरळ सांगितलं. धोतर पांढरं म्हणून यंत्र गप्प, टॉवेल चौकटीचा म्हणून यंत्र वाजलं. यात पितर-बितर काही नाही.

अल्पेशभाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसंल तू म्हणतेस तसं. पण काल ती दोन भाकऱ्या जेवली, रुचिका. सहा महिन्यांनी जेवली. ऱ्हावू दे."

सासूबाईंनीही मान हलवली. मीही विषय सोडून दिला.

पण मग दोन-तीन शनिवारांनी औषधाचं आलं.

वहिनींची धाकटी तेजस्वी दुसरीत आहे. तिला फिट येतात. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं पातळ औषध ती सकाळ-संध्याकाळ घेते आणि गेली दोन वर्षं पोरगी ठणठणीत आहे. शाळेत खो-खो खेळते. माझी एक खोड आहे. घरात कुठलीही औषधाची बाटली दिसली की मी उजेडात धरून बघते, किती उरलंय, संपत आलंय का. त्या आठवड्यात तेजूची बाटली बघितली तर पातळी जिथल्या तिथे.

"वहिनी, तेजूचं औषध दिलं का?"

त्या तांदळाच्या डब्यावर झाकण बसवत होत्या. वळल्या नाहीत.

"बंद केलं."

"बंद? कुणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"गणूनं सांगितलं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मी विचारलं, बाळा, घरात का येत न्हाईस? बुवा म्हणाले, घरात कसला उग्र वास हाय का बघा. औषधाचा हाय का? यंत्र लगेच वाजलं. मंग विचारलं, ते बंद केलं तर येशील? परत वाजलं."

"वहिनी, अहो, तो वास तेजूला वाचवतोय!"

"रुचिका," त्या आता वळल्या, "तुझी लेक तुझ्या कडेवर हाय. तुला न्हाय कळायचं."

 मी केसरला घट्ट धरलं, आणि तसं धरल्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर भरता भरता तेजू पडवीत कोसळली. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले, तोंडाला फेस. सासूबाई "चप्पल हुंगवा, कांदा आणा" म्हणून ओरडायला लागल्या. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर सरकवलं. माझ्या किंकाळीने शेजारच्या अख्तरुन्निसाचाची धावत आल्या.

"या अल्ला! काय झालं पोरीला? कैस! ए कैस! चहा ठेव तो बाजूला, रिक्षा काढ आधी!"

त्यांच्या मुलाच्या रिक्षातून आम्ही तिला म्हसळ्याला नेलं. झटके थांबायला खूप वेळ लागला. डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त भीतीदायक होतं.

"हे औषध असं एकदम तोडायचं नसतं," ते म्हणाले. "आज थांबली. पुढची थांबेलच असं मी लिहून देऊ शकत नाही."

परतताना तेजू वहिनींच्या मांडीवर गळून झोपली होती. वहिनी तिच्या केसांतून हात फिरवत होत्या, पण बघत होत्या बाहेर.

"शनिवारी विचारते," त्या म्हणाल्या.

"काय विचारताय?"

"यंत्राला. ते हो म्हणालं तर चालू करीन औषध."

चाची रिक्षात माझ्या बाजूलाच होत्या. त्यांनी माझा हात दाबला. "ए बेटा," त्या पुटपुटल्या, "हिची अक्कल दुःखानं खाल्लीय. तूच काही कर."

विनेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टवर. त्याला फोन केला तर म्हणाला, "सोपं आहे. बुवाला बाजूला घे, दम दे, 'औषध दे' असं यंत्राकडून वदवून घे."

"आणि पुढच्या शनिवारी यंत्र दुसरं काही बोललं तर? 'पोरीला माझ्याकडे पाठव' म्हणालं तर?"

"मग तूच बघ काय करायचं ते," तो म्हणाला.

शनिवारपर्यंत भाऊजींनी वहिनींची नजर चुकवून दुधातून तेजूला औषध दिलं. चोरून. स्वतःच्या लेकीला, स्वतःच्या घरात.

शनिवारी दुपारी समाजमंदिर पुन्हा भरलं. मी केसरला बाहेर चाचींकडे दिलं आणि आत जाऊन बसले. माझ्या पिशवीत केसरचा फ्रॉक होता, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. तो मयताचा कपडा म्हणून त्या स्टुलावर ठेवायचा, हे मी ठरवलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी फ्रॉक मी दोनदा बाहेर काढला आणि दोनदा परत पिशवीत ठेवला. जिवंत लेकीचा कपडा मेलेल्यांच्या जागेवर ठेवणं काय असतं ते आईलाच विचारा.

"बुवा, आधी माझं विचारा," मी उठून म्हणाले.

"हिचं कोण गेलं?" मागे कुजबुज झाली. सासूबाईंनी फ्रॉक बघितला. "अगं बाय, हा तर…" त्या उठणार तेवढ्यात भाऊजींनी त्यांना खाली बसवलं. भाऊजींना मी सांगून ठेवलं होतं.

बुवांनी फ्रॉकाकडे पाहिलं, माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा खोटा नव्हता. फ्रॉक त्यांनी स्टुलावर अंथरला, कॅमेरा वर घेतला. घुर्र… घुर्र… नळी पुढे, मागे. बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले. मग लाल तिरीप, पीप-पीप, खट्‌.

"लेक हाय!" बुवांचा गळा दाटून आला. काय कमावलेला गळा होता! "लहानगी. अंगावर पिणारी. तहानलेली ऱ्हायली बघ, माऊली. म्हणते, आये, तू मला इसरलीस… खाडीपल्याड बसलेय, घेऊन जा म्हणते…"

बायका हुंदके द्यायला लागल्या. आणि तेवढ्यात दारातून अख्तरुन्निसाचाची आत आल्या. कडेवर केसर, तोंडभर बिस्किटाचा चिखल. तिने स्टुलाकडे पाहिलं आणि पूर्ण ताकदीनिशी किंचाळली,

"माजा फाक!"

सगळं समाजमंदिर वळलं.

"माजा फाक! दे!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं. "खाडीपल्याडनं लवकर आली की वो पोरगी!"

"रिक्षानं आली आसंल!"

बुवा चटकन सावरले. "हे… हे मागल्या जन्मीचं हाय! पूर्वजन्मीची लेक!"

"मागल्या जन्मी पण हाच फ्राक व्हता काय महाराज?" रंगूआजीनेच विचारलं. "माझ्या सुनेनं असलाच बोर्लीच्या बाजारातनं आणलाय."

हशा वाढला. बुवा कॅमेरा कफनीत घालून निघायला लागले, पण भाऊजी आडवे उभे होते. त्यांनी हात पुढे केला. गर्दी बघून बुवांनी यंत्र दिलं.

"भाऊजी, भिंतीकडे धरा," मी म्हणाले. "नुसत्या भिंतीकडे, स्टुलाच्या वर. बटण अर्धंच दाबा."

घुर्र-घुर्र. नळी पुढे-मागे होऊ लागली. लोकांचं हसू थांबलं.

"पूर्ण दाबा."

भाऊजींनी दाबलं. फोटो निघाला नाही.

"आता वीतभर खाली या. फ्रॉकाच्या पट्ट्यांवर."

पीप-पीप. खट्‌.

"आता रंगूआजीच्या चेहऱ्याकडे."

पीप-पीप. खट्‌.

"आजी, तुम्ही गेलात का हो?"

"आजून तरी हाय!" आजी म्हणाली. पण तिने स्टुलाकडे पाहिलं, जिथे गेल्या वेळी तो टॉवेल होता.

मग मी सांगितलं, जमेल तितकं साधं. हा स्वतःच फोकस धरणारा जुना कॅमेरा आहे. त्याला माणूस कळत नाही, आत्मा कळत नाही. त्याला रेघ कळते, कड कळते. चौकट, पट्टा, डोळा, केस काहीही चालतं. कोऱ्या भिंतीवर त्याला धरायला काही नसतं, म्हणून तो गुरगुरतो. बुवांना 'नाही' हवं असलं की ते भिंतीकडे रोखतात, 'हो' हवं असलं की वीतभर खाली, कपड्यावर. एवढा वीतभराचा फरक आपल्याला लांबून दिसत नाही. तो लाल उजेड म्हणजे अंधुक जागी फोकस सापडावा म्हणून कॅमेऱ्यानेच टाकलेली बत्ती. आणि कपडे? ते तर आपणच निवडून आणतो, आणि कोरा आणला की बुवा बदलून आणायला लावतात.

शाळेतली पोरं आता भाऊजींभोवती जमली होती. "मला द्या! मला द्या!" एकाने कॅमेरा छताच्या पंख्यावर धरला. पीप. एकाने बुवांच्या कफनीवर. घुर्र. "बुवांचाच आत्मा न्हाय सापडत!" पोरं खिदळली.

मी कॅमेरा परत हातात घेतला. मागच्या झाकणाला एक छोटी काच असते, आत रीळ आहे की नाही ते दिसावं म्हणून. तिच्यावर काळी पट्टी चिकटवून वरून कुंकू फासलं होतं. आणि वरच्या पडद्यावर रीळची खूण दिसायला हवी, ती नव्हतीच. मला ते तेव्हाच कळलं. मी झाकणाच्या कडीला बोट लावलं, कडी सरकली…

"न्हाय!"

वहिनी कधी उठल्या, कधी पोरांना ढकलून पुढे आल्या, मला कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा ओढला, पदराखाली घेतला आणि जमिनीवर गोळा होऊन बसल्या. तान्ह्या पोराला पाजायला घ्यावं तसा.

"उजेड लागंल! उजेड लागंल त्याला! कुणी उघडू नका, तुमच्या पाया पडते!"

पोरं मागे सरकली. 

"वहिनी," मी त्यांच्यासमोर बसले. "वहिनी, आत काही नाही."

"हाय. गणू हाय माझा. इतके फोटो काढलेत त्याचे. वर्षश्राद्धाला धुवायचे हायेत."

"आत रीळच नाही."

"तू खोटं बोलतेस! तुला आधीपासनंच नको व्हतं!"

 झाकणाची कडी मघाशीच सुटली होती. पदराखाली वहिनींचा हात हलत होता, ते दिसत होतं. त्यांना बघायचं नव्हतं, म्हणून त्या पदराच्या अंधारात चाचपत होत्या. बोटं झाकणाच्या आत गेली. रीळ बसतं त्या खोबणीत गेली. दुसऱ्या बाजूच्या खोबणीत गेली. परत पहिल्या खोबणीत आली. मग हात थांबला.

त्या ओरडल्या नाहीत. पदर हळूच खाली सरकला आणि मांडीवर उघडा कॅमेरा राहिला, आतून काळा, पोकळ, स्वच्छ.

"काढलेच न्हाईत व्हय फोटो?" एवढंच त्या म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

बुवा मागच्या दाराने सटकत होते. कैसने आणि गावच्या पोरांनी त्यांना धरून ठेवलं, पोलीस पाटलांनी ठाण्यावर फोन केला. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली तक्रार गेली. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. त्यात मला फारसा रस उरला नव्हता. लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते, "शिकलेली सून हाय!" म्हणत होते, आणि मला वाटत होतं की कुणीतरी येऊन मला इथून घेऊन जावं.

वहिनींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. तेजूला औषधही भाऊजीच द्यायचे. वहिनी अडवत नव्हत्या, देतही नव्हत्या. मी वाढलेलं ताट त्या बाजूला सारायच्या आणि स्वतः उठून वाढून घ्यायच्या. वाढून घेतलेलंही तसंच राहायचं. सासूबाई एकदा चुलीपाशी बोलून गेल्या, "खरं काढलंस बाय तू. पण तिचा पोर दोनदा गेला." टोमणा नव्हता तो. मला तो टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मग परवा दुपारी मी मागल्या पडवीत केसरला झोपवत होते. वहिनी येऊन समोर बसल्या. सुपात तांदूळ होते, पण निवडत नव्हत्या.

"पहिल्या दिवशी मी काय विचारलं, ठाऊक हाय तुला?"

"नाही, वहिनी."

"बुवा म्हणाले, मनातला एकच प्रश्न विचार. मी विचारलं, बाळा, पाण्यात तुला लय त्रास झाला का रं?" त्यांनी सुपातले दाणे बोटाने सरकवले. "यंत्र गुरगुरलं. किती वेळ गुरगुरलं. फोटो न्हाय निघाला. म्हंजे न्हाय. न्हाय झाला त्रास. मी घरी येऊन जेवले त्या दिवशी. झोपले पण."

माझ्या हाताखाली केसरचा श्वास वरखाली होत होता.

"तवा पण त्यानं भिंतीकडंच धरला व्हता का गं?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. खूप सोपं होतं. एक शब्द, आणि ती बाई त्या रात्री झोपली असती. पण तो शब्द म्हणजे कफनी न घातलेला छबीबुवाच.

"हो, वहिनी. भिंतीकडेच."

"मंग त्याला झाला आसंल त्रास?"

"माहीत नाही. मला नाही माहीत. कुणालाच नाही."

त्या रडल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण असं रडताना पाहिलं नव्हतं, दहाव्यालाही नाही. मी जवळ सरकले. त्यांनी मला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही. बऱ्याच वेळाने ओटीवरून तेजूची हाक आली, "आई, शाळेतनं आले!" वहिनी उठल्या, तोंडावर पाणी मारलं, फळीवरची बाटली घेतली, उजेडात धरून पातळी बघितली आणि झाकणात औषध ओतायला लागल्या. थोडं सांडलं. त्यांनी पुन्हा नीट मोजून ओतलं.

"तोंड उघड," त्या लेकीला म्हणाल्या.

तुमच्याही घरातलं कुणीतरी गेलं असेल. तुमच्याही मनात असा एखादा प्रश्न असेल, ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही. तो प्रश्न हुंगत कुणीतरी दारात येईल. हातात कॅमेरा असेल, नाहीतर नारळ, नाहीतर मोबाईलमधलं काहीतरी नवीन. त्याला हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "यंत्र माझ्या हातात दे." आणि ते उघडून बघा. आत काही नसेल तर फार दुखेल, हे मी लपवत नाही. पण दुखणाऱ्या माणसाला घरातलं दुसरं लेकरू दिसतं. फसलेल्या माणसाला ते दिसत नाही.